सोरायसिस पुन्हा त्याच जागी का उठतो? त्वचेत वस्तीला राहिलेल्या रोगप्रतिकारक पेशींविषयी

निपाणी तालुक्यातून आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आई पन्नाशीच्या असून घरी विड्या वळतात. गेली काही वर्षे त्यांना सोरायसिस आहे. कोपरे, गुडघे, डोक्याची त्वचा आणि डाव्या पायाचा घोटा या जागी जाड, लालसर, पांढऱ्या खपल्यांचे चट्टे येतात, औषधाने जातात आणि थंडी पडू लागली की नेमके त्याच जागी परत उठतात. बेळगावच्या डॉक्टरांनी हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार असल्याचे सांगून मेथोट्रेक्सेट सुरू केले आहे. नातेवाइकांच्या मते मात्र रक्त अशुद्ध झाले आहे आणि प्रतिकारशक्ती कमी पडते आहे, म्हणून त्यांनी गुळवेलीचा काढा सुचवला आहे. काढा द्यावा का, चट्टे त्याच जागी का येतात आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या, असे तुम्ही विचारले आहे.

सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. तिचा एक ठरावीक भाग नको तेवढा जागा झालेला असतो आणि शत्रू नसताना लढत असतो. म्हणून ‘शक्ती वाढवणे’ हे या आजाराचे उद्दिष्टच असू शकत नाही. गुळवेलीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि त्यांतील काही रुग्णांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारक यंत्रणेने हल्ला केल्याची चिन्हे आढळली होती. मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो, म्हणून तर त्या गोळ्यांबरोबर ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. हे दोन्ही एकत्र देऊ नका. काढा आधीच सुरू केला असेल, तर तो थांबवा आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. आपल्याकडे रुग्ण रागावले जाण्याच्या भीतीने काढ्याचा विषय दडवतात आणि मग तपासणीत यकृताचे आकडे का वाढले याचा उलगडा होत नाही.

‘रक्त अशुद्ध’ या कल्पनेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या अगदी उलट दिशेला आहे. रोगप्रतिकारक पेशी रक्तातून फिरतात हे खरे असले, तरी त्यांतील फार मोठा वाटा रक्तात नसतोच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील अंदाजानुसार निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे २,००० कोटी टी-पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या टी-पेशींच्या जवळपास दुप्पट. टी-पेशी म्हणजे पूर्वी भेटलेला शत्रू ओळखून त्याच्यावर नेमका हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्वचा हा त्यांचा कायमचा मुक्काम आहे आणि सोरायसिसचे मूळ या मुक्कामात आहे. रक्त कितीही ‘शुद्ध’ केले, तरी तिथे काही पोहोचत नाही.

ही समजूत वैद्यकशास्त्रालाही सहजासहजी आलेली नाही. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, निरोगी माणसात खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो, म्हणून पेशी नीट पक्व होत नाहीत आणि त्यांचा थरावर थर साचून खपल्या तयार होतात. हे दिसत असल्यामुळे दोष केराटिनोसाइटचाच आहे असे फार काळ मानले जात होते. १९७९ मध्ये सांध्यांच्या आजारासाठी सायक्लोस्पोरिन वापरून पाहत असताना ज्या रुग्णांना सोरायसिसही होता, त्यांची त्वचा झपाट्याने स्वच्छ झाली. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टी-पेशींना आवरणारे हे औषध, त्यामुळे संशय टी-पेशींवर गेला. तरीही हे औषध कदाचित केराटिनोसाइटवरच थेट काम करत असेल, ही शंका उरली होती. १९९५ मध्ये केवळ जागृत झालेल्या टी-पेशींनाच गाठणारे एक औषध रुग्णांवर वापरले गेले, केराटिनोसाइटला त्याचा स्पर्श होत नव्हता, आणि तरीही चट्टे निवळले. त्यानंतर टी-पेशींची भूमिका नाकारण्याला जागा राहिली नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २००४ मधला आहे. सोरायसिसच्या रुग्णांच्या अंगावरील वरकरणी निरोगी दिसणारी, चट्टा नसलेली त्वचा घेऊन ती स्वतःची प्रतिकारक यंत्रणा दुबळी असलेल्या उंदरांवर लावण्यात आली. रुग्णाचे रक्त किंवा रक्तातील पेशी उंदराला दिलेल्या नव्हत्या. तरीही काही आठवड्यांत त्या त्वचेत सोरायसिस उभा राहिला, कारण त्वचेच्या तुकड्याबरोबर आलेल्या मूळच्या टी-पेशी तिथल्या तिथेच वाढल्या. टी-पेशींना रोखले, तेव्हा आजार उठला नाही. आजार पेटायला लागणारी सामग्री त्वचेत आधीच हजर असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

या मुक्कामी पेशींना निवासी स्मृती-पेशी म्हणतात. त्यांचे मूळ काम आपल्या हिताचेच आहे. एखाद्या जागी एकदा जंतूचा संसर्ग होऊन गेला की काही टी-पेशी तिथेच राहतात आणि तोच जंतू पुन्हा आला तर मदतीची वाट न पाहता तत्काळ कामाला लागतात. सोरायसिसमध्ये हीच चांगली व्यवस्था चुकीच्या आठवणीवर चालते. चट्टा औषधाने पूर्ण निवळतो, त्वचा हाताला मऊ लागते, खपली राहत नाही, पण त्या जागेचा बारीक तुकडा काढून तपासला तर आजाराच्या काळातील टी-पेशींपैकी काही अजून बाह्यत्वचेत सापडतात आणि त्यांना चेतवले की त्या इंटरल्युकिन-१७ किंवा इंटरल्युकिन-२२ ही, पेशी एकमेकींना इशारे देण्यासाठी वापरतात ती, द्रव्ये सोडू लागतात. अनेक वर्षे उत्तम उपचार घेतलेल्या रुग्णांतही हे आढळले आहे. शेतातली हरळी वरून खुरपली तरी काशा जमिनीत राहतात आणि पाणी मिळताच तिथूनच फुटतात, तसे हे घडते. आईंच्या कोपरावर चट्टा परत येतो याचा अर्थ मागचे औषध ‘लागू पडले नाही’ असा नाही. औषधाने पेशींना गप्प केले होते, तिथून हुसकावून लावले नव्हते.

चट्टा नव्याने पेटतो तेव्हा काय घडते, ते आईंच्या घोट्याच्या उदाहरणाने सांगता येईल. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व बोटांनी गुंडाळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. या सगळ्या वेळात एक पाय खाली मुडपलेला असतो आणि बाहेरचा घोटा फरशीवर घासत राहतो. अशा बायकांचा घोटा तपासताना कडेला जुनाट घट्टा आणि त्याच्या मधोमध सोरायसिसची चंदेरी खपली अशी जोडी मला अनेकदा दिसते. घर्षण किंवा इजा झालेल्या जागी सोरायसिस उठतो, हे निरीक्षण जर्मन त्वचातज्ज्ञ हाइनरिश कोब्नर यांनी १८७२ मध्ये मांडले. त्यांच्या एका रुग्णाला घोडा चावलेल्या आणि गोंदलेल्या जागीसुद्धा चट्टे आले होते. इजेनंतर साधारण दहा ते वीस दिवसांत ते दिसू लागतात.

घासलेल्या त्वचेतील केराटिनोसाइट एलएल-३७ नावाचे एक जंतुनाशक प्रथिन सोडतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या आपल्याच डीएनएला ते चिकटते आणि विषाणूंवर पहारा ठेवणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशींना हा डीएनए विषाणूचा वाटतो. त्या इंटरफेरॉन-अल्फा हे इशाऱ्याचे द्रव्य सोडतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या डेन्ड्रिटिक पेशी जागृत होतात. या पेशी स्वतः लढत नाहीत. शत्रूची ओळख टी-पेशींना पटवून देणे आणि त्यांनी कोणत्या पद्धतीने लढावे हे ठरवून देणे, हे त्यांचे काम. सोरायसिसमध्ये त्या टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे द्रव्य आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इंटरल्युकिन-२३ सोडतात. इंटरल्युकिन-२३ च्या जोरावर टी-पेशींमधील टीएच-१७ हा गट टिकतो, वाढतो आणि इंटरल्युकिन-१७ सोडू लागतो. त्वचेत वस्तीला असलेल्या स्मृती-पेशीही याच इशाऱ्याने उठतात.

इंटरल्युकिन-१७ केराटिनोसाइटपर्यंत पोहोचले की आजाराचे दिसणारे रूप तयार होते. केराटिनोसाइट झपाट्याने वाढू लागतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायने सोडतात, नव्या टीएच-१७ पेशींना ओढून आणतात आणि आणखी एलएल-३७ तयार करतात. न्यूट्रोफिल खपलीच्या थरात शिरून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे बारीक साठे करतात. खालच्या थरात रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खपली खरवडली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. केराटिनोसाइटनी सोडलेल्या द्रव्यांनी डेन्ड्रिटिक पेशी पुन्हा चेततात आणि हे चक्र बाहेरच्या कारणाशिवाय चालू राहते. सुरुवात घर्षणाने झाली असली, तरी घर्षण थांबल्यावर चट्टा आपोआप जाईलच असे नाही, याचे कारण हे चक्र आहे. घर्षण कमी केल्याचा उपयोग मात्र नक्की होतो. बसायला जाड गोधडीची घडी घ्यावी, अर्ध्या-पाऊण तासाने मांडी बदलावी, घोट्याला रात्री पेट्रोलियम जेली चोळावी आणि खपल्या कात्रीच्या टोकाने, दगडाने किंवा डोक्यात बारीक फणीने ओरबाडू नयेत. कडुलिंबाचा पाला वाटून जोरात घासण्याचाही हाच तोटा आहे.

इजेखेरीज आणखी काही गोष्टी या पेशींना उठवतात. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर, विशेषतः लहान व तरुण मुलांत, अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे येतात. जंतूच्या प्रथिनांचे त्वचेतील प्रथिनांशी साम्य असल्यामुळे टी-पेशींची गफलत होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. लिथियम आणि मलेरियावरील क्लोरोक्वीन यांसारख्या औषधांनी काहींचा आजार भडकतो. धूम्रपान, मद्य आणि पोटावरची चरबी हीही कारणे आहेत, कारण चरबीच्या पेशीसुद्धा दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. बेळगाव भागात नोव्हेंबरपासून हवा कोरडी होते, त्वचेला बारीक भेगा पडतात आणि उन्हही अंगावर कमी घेतले जाते. आईंचा आजार थंडीत उलटण्याचे कारण बहुधा हेच आहे, तेव्हा दिवाळीपासूनच अंघोळीनंतर ओलसर अंगावर जेली किंवा खोबरेल लावायला सुरुवात करावी.

आपल्या भागात सोरायसिसला इसब किंवा गजकर्ण समजण्याची गल्लत नेहमी होते. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात गजकर्णाचे रुग्ण पुष्कळ असल्यामुळे ती समजण्यासारखी असली, तरी उपचार वेगळे आहेत. इसबाच्या वारंवार येणाऱ्या प्रकारात टीएच-२ गटाच्या टी-पेशी पुढे असतात आणि त्यांची इंटरल्युकिन-४, १३ व ३१ ही द्रव्ये त्वचेचे आवरण कमकुवत करतात आणि प्रचंड खाज आणतात. तिथे त्वचेतील जंतुनाशक प्रथिने कमी पडतात, म्हणून इसब चटकन पिकते. सोरायसिसच्या चट्ट्यात हीच प्रथिने भरपूर असल्याने तो इतका उघडा असूनही सहसा पिकत नाही. गजकर्ण ही तर बुरशी. ‘सर्व त्वचारोगांवर’ म्हणून औषध दुकानातून मिळणारी तीव्र स्टिरॉइडची मिश्र मलमे त्या बुरशीला मोकळे रान देतात आणि सोरायसिस तात्पुरता दाबून ठेवतात.

स्टिरॉइडच्या गोळ्या आणि कमरेत दिली जाणारी इंजेक्शने यांविषयी मी अधिक कडक शब्दांत सांगतो. ती घेतल्यावर सर्व प्रतिकारक पेशी एकदम शांत होतात, दोन-तीन दिवसांत अंग स्वच्छ दिसते आणि रुग्णाला वाटते की खरे औषध सापडले. परिणाम ओसरला की पेशी दुप्पट जोराने उठतात. कधी संपूर्ण अंग लाल होऊन सोलवटते, कधी तापासह अंगभर पुवाचे बारीक फोड येतात. या फोडांत न्यूट्रोफिल भरलेले असतात, जंतू नसतात, आणि ही अवस्था जीवावर बेतू शकते. खेडोपाडी अशी इंजेक्शने देणारे आणि नाव नसलेल्या कागदाच्या पुड्यांतून चूर्ण देणारे अजूनही आहेत. चूर्णाने चार दिवसांत चट्टे गेले, तर आनंद न मानता त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय धरावा.

मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त आणि योग्य रीतीने घेतल्यास भरवशाचे औषध आहे. वेगाने वाढणाऱ्या जागृत टी-पेशींना ते आवर घालते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंड सोलवटते, रक्तातील पेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. वार ठरवा, तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि गोळी तुमच्या हाताने द्या. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड दिले असेल, तर ते त्यांनी सांगितलेल्या दिवशीच द्यावे. घरात गर्भवती किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेली स्त्री असेल, तर या गोळ्या तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

चट्टे पसरलेले असतील तर ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील किरणांचा उपचारही चांगला आहे. हे किरण बाह्यत्वचेतील टी-पेशींना थेट गाठून त्यांचा नाश घडवतात. आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात यावे लागते, हीच मोठी अडचण. रोजच्या विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस निपाणी-बेळगाव प्रवासात गेला तर तिचे दोन्हीकडून नुकसान होते, याचा विचार डॉक्टरांनी उपचार ठरवताना करायला हवा आणि तुम्हीही तो निःसंकोच बोलून दाखवावा.

त्यापुढची जैविक इंजेक्शने चक्राचा एकच दुवा तोडतात. काही टीएनएफ-अल्फाला अडवतात, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सेकुकिनुमॅब इंटरल्युकिन-१७ ला अडवते, तर २०१७ मध्ये आलेले गुसेलकुमॅब इंटरल्युकिन-२३ ला. परिणाम उत्तम आहेत, पण खर्च अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. कोणतीही प्रतिकारक द्रव्ये निरुपयोगी नसतात, हेही यांच्या दुष्परिणामांतून कळते. इंटरल्युकिन-१७ अडवले की काहींच्या तोंडात पांढरी बुरशी येते, कारण बुरशीपासून रक्षण हे त्याचे रोजचे काम आहे. टीएनएफ-अल्फा फुप्फुसातील सुप्त क्षयजंतूंना मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या वेढ्यात बंद ठेवते. ते अडवले तर वेढा सैल होतो आणि क्षय उफाळू शकतो. आपल्या देशात सुप्त क्षय इतका सर्रास आहे की छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी केल्याशिवाय अशी इंजेक्शने सुरू करू नयेत. घरात कुणाला पूर्वी क्षय झाला असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगा.

आईंच्या हातांकडे मात्र आजच नीट पाहा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत का, एखादे बोट संपूर्ण सुजले आहे का, सकाळी उठल्यावर बोटे अर्धा तास किंवा अधिक वेळ आखडलेली राहतात का? सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांत हाच दाह सांध्यांत आणि स्नायूबंध हाडाला जुळतात त्या जागी उतरतो. विडी वळून बोटे दुखतात असे म्हणून ते अंगावर काढले जाते आणि तोवर सांध्याचे हाड झिजलेले असते. झिजलेला सांधा परत येत नाही. यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

हा आजार कुणाला लागत नाही. त्यांनी वाढलेले जेवावे, नातवंडांना मांडीवर घ्यावे. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगुळभावीत स्नान केले की त्वचारोग जातो, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. आईंची इच्छा असेल तर त्यांना अवश्य घेऊन जा, पण गोळीचा वार चुकवू नका आणि अंग खसखसून घासू नका.

गोळ्या किती दिवस, याचे उत्तर स्मृती-पेशींच्या वागण्यातच आहे. त्या जागेवर आहेत तोवर आजार पुन्हा उठण्याची शक्यता आहे आणि त्यांना कायमचे घालवणारा सर्वमान्य उपचार आज हाती नाही. म्हणून गोळ्या आयुष्यभर अखंड घ्याव्या लागतील असेही नाही. चट्टे निवळल्यावर अनेकांचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करतात, काहींचे मधले कित्येक महिने केवळ मलमावर आणि तेला-जेलीवर निभावतात. तुम्ही स्वतःहून एकदम थांबवू नका, एवढेच. चट्टा उठण्याआधी जुन्या जागी बारीक खाज सुटते किंवा त्वचा किंचित खरखरीत लागते, हे रुग्णाला स्वतःला सर्वांत आधी कळते. आईंना ही जाणीव झाली की डॉक्टरांनी दिलेले मलम त्याच दिवशी, खपली धरायच्या आत सुरू करायचे, आणि आठवड्याभरात फरक पडला नाही किंवा नव्या जागी चट्टा दिसला, तर जुन्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे कागद घेऊन पुन्हा दाखवायला यायचे.